वाचकांचे प्रश्न : वेदी नसलेलं चर्च आणि फळ्यांखालचा हौद

प्रश्न : मुलीकडे अमेरिकेत गेलो असताना टेनेसीच्या डोंगरात केड्स कोव्ह नावाच्या खोऱ्यात एक जुनं बॅप्टिस्ट चर्च पाहिलं. बाहेरून पांढऱ्या फळ्या, आत तर रंगाचं बोटही नाही. वेदी नाही, मूर्ती नाही, रंगीत काच नाही. मला तर ती जुन्या शाळेची खोली वाटली. हे गरिबीमुळे, की मुद्दाम? आणि नुसतं 'साधं' म्हणण्यापलीकडे त्यात पाहण्यासारखं काही असतं का? – एक वाचक

उत्तर : गरिबी होतीच. पण सगळं तिच्यावर ढकलून मोकळं होता येत नाही, कारण या मंडळींच्या हातात पैसा आला तेव्हाही त्यांनी आत वेदी बांधली नाही.

'मंडळी' हा शब्द मी मुद्दाम वापरला. आपल्याकडचा मराठी ख्रिस्ती माणूस 'आमच्या मंडळीत' म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर माणसं असतात, भिंती नव्हे. बॅप्टिस्ट या ख्रिस्ती पंथाचं नेमकं हेच म्हणणं होतं. म्हणून इंग्लंडमधले जुने बॅप्टिस्ट आपल्या वास्तूला चर्च न म्हणता 'मीटिंग हाउस' म्हणत. माणसं जमायची जागा, एवढंच. जागा पवित्र नसेल तर तिचा गाभारा कशाला हवा? प्रभुभोजनासाठी, म्हणजे भाकरी आणि द्राक्षारसाच्या विधीसाठी, एक मेज पुरतं, आणि जिथे वेदी असायची तिथे प्रवचनाचं व्यासपीठ येतं. म्हणजे ही इमारत डोळ्यांसाठी नाही, कानांसाठी बांधलेली आहे.

दुसरी गरज पाण्याची. बॅप्टिस्ट तान्ह्या बाळांना बाप्तिस्मा देत नाहीत. जाणत्या माणसाने स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करायचा आणि मग पाण्यात पूर्ण बुडून वर यायचं. त्याला तीर्थासारखं चमचाभर पाणी पुरत नाही, माणूस बुडेल एवढं लागतं. नदी, ओढा, गावतळं, जे जवळ असेल ते चाले. पण जिथे उघड्यावर जमणंच धोक्याचं, तिथे काय करायचं?

याचं उत्तर मला इंग्लंडमध्ये मिळालं, आणि तेही फजितीतून. डेव्हन परगण्यात, अ‍ॅक्समिन्स्टरजवळ लफवुड मीटिंग हाउस नावाची वास्तू आहे. किल्मिंग्टन गावच्या बॅप्टिस्टांनी ती साधारण १६५३ साली उभी केली. दगडी भिंती, त्यांना बाहेरून टेकू आणि वर चक्क गवती छप्पर. मी वास्तुशास्त्राचा विद्यार्थी असताना वही आणि टेप घेऊन मापं काढायला गेलो होतो. व्यासपीठासमोर जमिनीच्या फळ्या वेगळ्या दिसल्या, उचलता येण्याजोग्या. मी नकाशावर झोकात लिहून टाकलं, 'तळघर'. तिथे आलेल्या एका आजोबांनी वहीत डोकावून पाहिलं आणि विचारलं, "त्यात धान्य ठेवायचे असं वाटतं का तुला?" फळ्यांखाली बाप्तिस्म्याचा हौद होता! तासभर मी त्याच्यावर उभा राहून मापं घेत होतो.

गवती छपराचा एक फायदाही मग उलगडला. लांबून कुणी पाहिलं तर शेतकऱ्याचं घर वाटे. आजूबाजूला त्या वेळी दाट झाडी होती. वास्तू उभी राहिल्यावर दहाएक वर्षांनी त्याची गरज पडली. १६६४ च्या कायद्याने घरच्या माणसांखेरीज पाच किंवा अधिक जणांनी एकत्र येऊन राजमान्य चर्चच्या रीतीबाहेरची उपासना करणं गुन्हा ठरलं. तिसऱ्यांदा सापडलात तर थेट समुद्रापार हद्दपारी. पुढच्याच वर्षी आणखी एक कायदा आला. अशा पाळकांनी नगरपालिकेच्या शहरांपासून पाच मैलांच्या आत फिरकायचं नाही. मग रानातलं मीटिंग हाउस बरं पडणार नाही तर काय. आतली बाकं, व्यासपीठ आणि सज्जा मात्र नंतरचे, अठराव्या शतकातले आहेत. साधं लाकूड, नक्षी नाही.

१६८९ च्या सहिष्णुता कायद्याने उघडपणे जमायला परवानगी दिली, पण एका अटीवर. जागेची नोंद करायची आणि उपासना चालू असताना दाराला कुलूप, अडसर, कडी काही लावायचं नाही. लावलं तर कायद्याचं संरक्षण गेलं. मला ही अट फार बोलकी वाटते. काल लपून बसणाऱ्यांना आज दार उघडं ठेवायची सक्ती. जुन्या मीटिंग हाउसमध्ये शिरताना मी दाराच्या चौकटीवर अडसराच्या खुणा शोधतो. सापडतातच असं नाही, पण सवय लागली ती लागली.

आता तुमचं केड्स कोव्ह. तिथली प्रिमिटिव्ह (म्हणजे मूळ रीतीची) बॅप्टिस्ट मंडळी १८२७ साली स्थापन झाली. आधी ओंडक्यांची इमारत होती. सध्याची फळ्यांची इमारत १८८७ ची. मधल्या काळात अमेरिकेचं यादवी युद्ध झालं. ही मंडळी संघराज्याच्या बाजूची आणि खोऱ्यात बंडखोरांचा जोर, म्हणून उपासना बंद ठेवावी लागली. त्याच रस्त्यावर पुढे मिशनरी बॅप्टिस्ट चर्च आहे. तेही तुम्ही पाहिलं असेल. १८३९ च्या सुमारास धर्मप्रचाराच्या कामावरून वाद पेटला, प्रचाराच्या बाजूच्यांना मंडळीतून काढलं आणि त्यांनी आपली वेगळी चूल मांडली. खोरं एवढंसं आणि बॅप्टिस्ट चर्चं दोन! भाऊबंदकी काही आपलीच मिरास नाही.

बांधकामाचं म्हणाल तर ओंडक्यांकडून फळ्यांकडे जाणं म्हणजे करवत गिरणी आणि कारखान्यात बनलेले स्वस्त खिळे खोऱ्यांपर्यंत पोचल्याची खूण. ओंडके रचायला बरेच हात एकदम लागतात. फळ्यांच्या सांगाड्याला दोनचार जाणती माणसं पुरतात. दक्षिणेतली अशी बरीच चर्चं जमिनीला न टेकवता दगडांच्या थप्प्यांवर उचललेली असतात, म्हणजे खालून वारा खेळतो आणि लाकडाला ओल व वाळवी कमी लागते. काही ठिकाणी समोर दोन दारं दिसतात, एक पुरुषांचं, एक बायकांचं. पाळक बहुधा दोनतीन गावं सांभाळायचा, त्यामुळे महिन्यातून एखाददुसऱ्याच रविवारी प्रवचन. उरलेल्या दिवशी अनेक ठिकाणी तिथेच मुलांची शाळा भरे. तुम्हाला शाळेची खोली वाटली, ते फारसं चुकलं नाही.

जाता जाता आपल्या जवळचा एक धागा. नॉर्थम्प्टनशरमधल्या मोल्टन या खेड्यातल्या अशाच एका बॅप्टिस्ट मंडळीचा पाळक १७८५ ते १७८९ या काळात जोडे शिवून आणि मुलांना शिकवून पोट भरत होता. त्याचा स्वतःचा बाप्तिस्मा १७८३ च्या ऑक्टोबरात नेन नदीत झाला होता. नाव विल्यम कॅरी. पुढे त्याने कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात मराठी शिकवली, १८०५ साली मराठीचं व्याकरण छापलं आणि १८१० साली कोश. कोशातली मराठी मोडी लिपीत आहे.

प्रश्न : मग आता बाप्तिस्मा कुठे होतो? हौदातच? – त्याच वाचकाचा दुसरा प्रश्न

उत्तर : बऱ्याच ठिकाणी हौदात. अमेरिकेत तो व्यासपीठामागच्या भिंतीत, थोडा उंचावर असतो, सगळ्यांना दिसावा म्हणून. दोन्ही बाजूंनी पायऱ्या, एकीकडून उतरायचं, दुसरीकडून बाहेर. आणि इथेच, बिनरंगाच्या या परंपरेत, रंग हळूच आत शिरतो. हौदामागच्या भिंतीवर यार्देन नदीचं, म्हणजे जिथे येशूचा बाप्तिस्मा झाला त्या नदीचं, चित्र काढायची रीत दक्षिणेतल्या अनेक गावांत आहे. काढणारा बहुतेक वेळा मंडळीतलाच कुणी हौशी. त्याने यार्देन कधी पाहिलेली नसते, म्हणून तो घरामागचा ओढा रंगवतो. पुन्हा गेलात की चित्रातल्या काठावरची झाडं नीट बघा, पाइन सापडतील.