“आमची मुलगी शाळेत सीआयडी झालीय, बंद करू का?”

जळगाव जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, नववीतली मुलगी. समुपदेशनासाठी माझ्याकडे आलेल्या आईनं खुर्चीत नीट बसायच्या आधीच प्रश्न टाकला, “मॅडम, चौघं मिळून शाळेतला चोर शोधताहेत. घटक चाचणी तोंडावर आलीय आणि ही रात्री अकराला वर्गाचा नकाशा काढत बसते. वही फाडून टाकू का?” वही पर्समध्येच होती. मुलगी बाहेरच्या बाकावर, तोंड फिरवून.

आठवी ते दहावीच्या पालकांकडून हा प्रश्न नेहमी येतो, रूपं फक्त बदलतात. कधी डबे गायब होतात, कधी फळ्यावर कुणीतरी घाण लिहितं, कधी निनावी चिठ्ठ्या येतात, आणि चार मित्र ‘तपास’ सुरू करतात. पालकांना दोनच रस्ते दिसतात: वही फाडणं, नाहीतर “हुशार आहे पोरगी” म्हणून सोडून देणं. या मुलीच्या बाबतीत दोन्ही चुकलं असतं. (गाव, आकडे आणि घरचे तपशील बदलले आहेत. हिशोबाचं गणित मात्र बसतं तसंच ठेवलंय.)

वर्गाची सहल पाटणादेवीला जाणार होती, माणशी ३५० रुपये. मॉनिटर मुलगी यादीत नावापुढे टीक मारायची आणि पैसे कंपासच्या डब्यात ठेवायची. शनिवारी सकाळच्या शाळेत वर्गशिक्षकांनी यादी आणि डबा ताब्यात घेतला. टिका ३८, म्हणजे हवे होते १३,३००. मोजले तर १२,२५०. सर वर्गासमोर म्हणाले, “ज्यानं घेतले त्यानं सोमवारपर्यंत टेबलावर आणून ठेवा. मी नाव विचारणार नाही.”

सरांच्या मनात वाईट काही नव्हतं. पण पैसे कमी भरणं वेगळं आणि पैसे चोरीला जाणं वेगळं. सरांच्या त्या एका वाक्यानं पहिल्याचं दुसरं करून टाकलं. चोरी ठरली की पोरांना चोर लागतोच.

सोमवारी चौघांची बैठक झाली. मंगळवारी मधल्या सुट्टीत एका मुलाचं दप्तर उपसलं गेलं. पुरावा काय, तर शुक्रवारी पीटीच्या तासाला पाय दुखतो म्हणून तो वर्गात बसला होता, आणि त्याच्या पायात नवे बूट होते. घरची परिस्थिती बेताची, बाप जिनिंगमध्ये हमाल. दप्तरात काही मिळालं नाही. तोवर भोवती सहा-सात जण जमले होते. कुणीतरी मोबाईल धरला. मुलगा म्हणाला, “हो, घेतले पाचशे. सोडा आता.” संध्याकाळी ते वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर होतं. बुधवारी तो शाळेत आला नाही. गुरुवारी त्याचे वडील मुख्याध्यापकांच्या दारात उभे राहिले, एवढंच म्हणत, “मना पोऱ्या चोर नही शे.” (माझा पोरगा चोर नाही.)

आई मुलीला घेऊन आल्या त्या गुरुवारी संध्याकाळी. मुलीशी एकटीशी बोलताना तिनं पहिल्यांदा जे सांगितलं ते महत्त्वाचं होतं: “त्यानं कबूल केलं, पण पाचशे म्हणाला. कमी तर हजार पन्नास आहेत. मला ते खुपतंय.” तिघा मित्रांना खुपत नव्हतं. त्यांच्या लेखी केस मिटली होती.

कबुली मिळाली म्हणजे सत्य मिळालं, असं पोरांनाच काय, मोठ्यांनाही वाटतं. घेरलेल्या चौदा वर्षांच्या मुलाला पुढचा महिना दिसत नसतो, पुढचं मिनिट दिसत असतं. “हो” म्हटलं की हे मिनिट संपेल, एवढाच हिशोब असतो. म्हणून कबुलीत अशी गोष्ट आहे का ते बघायचं, जी फक्त करणाऱ्यालाच ठाऊक असेल. इथे उलटं होतं. खरी रक्कम सरांनी वर्गाला सांगितलीच नव्हती. मुलीला ती ठाऊक होती, कारण नोटा मोजायला सरांनी तिला बसवलं होतं. त्या मुलाला ठाऊक नव्हती, म्हणून त्यानं तोंडाला येईल तो आकडा सांगितला.

“पण तो घाबरला होता, चेहऱ्यावर दिसत होतं,” असंही ती म्हणाली. चेहऱ्यावरून खोटं ओळखण्यात माणसं किती कच्ची असतात, यावर भरपूर अभ्यास झालाय. शेकडो प्रयोगांचा २००६ मध्ये एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा बरोबर ओळखण्याचं प्रमाण सरासरी ५४ टक्के निघालं. नाणं उडवलं तरी पन्नास मिळतात. एका पालकांनी तर याच प्रकरणात देवऋषीकडे नेऊन तांदूळ चावायला देण्याचं सुचवलं होतं. कोरडा तांदूळ ज्याच्या तोंडातून निघेल तो चोर! भीतीनं तोंड कोरडं पडतं, हे खरं आहे. पण ते चोराचं पडतं तसंच निरपराध पोराचंही पडतं.

मग वही उघडली. फाडायची नाही, हे आईला आधीच सांगितलं होतं. वही फाडली की तपास थांबत नाही, फक्त घरच्यांच्या नजरेआड जातो. एका पानावर उभ्या दोन रेघा मारून तीन रकाने केले: पाहिलं, ऐकलं, वाटलं. त्या मुलाबद्दलच्या ११ नोंदी तिनं स्वतःच वाटल्या.

“शुक्रवारी पीटीला वर्गात होता” ही ‘पाहिलं’मध्ये जाणार, असं तिला वाटलं. तू पाहिलंस? नाही, ती तर मैदानावर होती. गेली ‘ऐकलं’मध्ये. “नवे बूट” हे पाहिलेलं. “बुटांना पैसे कुठून आले असतील” हे वाटलेलं. “माझ्याकडे बघून नजर चुकवली” यावर ती बराच वेळ पेन धरून बसली. शेवटी नजर खाली गेली एवढं ‘पाहिलं’मध्ये लिहिलं आणि ‘चुकवली’ हा शब्द उचलून ‘वाटलं’मध्ये टाकला. पान भरलं तेव्हा पाहिलेल्या दोन नोंदी होत्या, ऐकलेल्या तीन, आणि वाटलेल्या सहा. कुणी काही समजावून सांगायची गरज उरली नाही.

घरी हे करायचं तर एक पथ्य पाळा: रकाने मुलानंच भरायचे. पालक “हे तुला नुसतं वाटलंय” असं म्हणू लागले की ते भांडण होतं.

दुसरी अडचण प्रश्नांची. चौघांनी वर्गात विचारलं होतं, “तो डब्याजवळ होता ना?” या ‘ना’मध्येच उत्तर आहे. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या मानसशास्त्रज्ञांचा १९७४ चा प्रयोग इथे सांगण्यासारखा आहे. विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघाताची फिल्म दाखवली. काहींना विचारलं, गाड्या एकमेकींवर ‘आदळल्या’ तेव्हा वेग किती होता. काहींना विचारताना क्रियापद सौम्य वापरलं, नुसतं ‘धडकल्या’ म्हटलं. आठवड्यानं सगळ्यांना विचारलं, फुटलेली काच दिसली का? फिल्ममध्ये काच फुटलेली नव्हतीच. तरी पहिल्या गटात ५० पैकी १६ जणांना ती ‘दिसली’, दुसऱ्यात ५० पैकी ७ जणांना. एका क्रियापदानं आठवण बदलते, तर “डब्याजवळ होता ना?” हे अख्ख्या वर्गात दोन दिवस फिरल्यावर काय होत असेल! मंगळवारपर्यंत पाच जणांनी त्याला डब्याजवळ ‘पाहिलं’ होतं. पाचातले चार तेव्हा मैदानावर होते.

विचारायचंच असेल तर असं विचारावं: “शुक्रवारी चौथ्या तासाला तू कुठे होतास? तिथून काय दिसत होतं?” नाव आपण घ्यायचं नाही. आणि मित्रांनी आपापसात बोलायच्या आधी प्रत्येकानं वेगळ्या कागदावर लिहून काढायचं. एकदा गप्पा झाल्या की चार आठवणींची एक होते, आणि तीच चौघांना आपापली वाटते.

आता गणित. १,०५० भागिले ३५०, बरोबर तीन. हे मुलीनं तिथेच बोटावर काढलं आणि मान वर केली. पाटणादेवीचं नाव गणितज्ञ भास्कराचार्यांशी जोडलं जातं. तिथल्या सहलीचं कोडं भागाकारानं सुटावं हे बरंच झालं. डब्यात सुट्ट्या नोटा एकत्र रबर लावून ठेवलेल्या होत्या, नावाची पाकिटं नव्हती. मूठभर नोटा उचलणारा नेमकी तिघांची वर्गणी कशाला मोजून उचलेल? अर्थात यानं सिद्ध काही होत नाही, योगायोगही असू शकतो. पण शोधाची दिशा माणसावरून कागदाकडे वळली, आणि मला तेवढंच हवं होतं.

शुक्रवारी सकाळी तिनं सरांना एक पान दिलं. त्यात कुणाचंही नाव नव्हतं. चार ओळी होत्या: हवे होते इतके, मोजले इतके, फरक बरोबर तिघांचा, यादी पुन्हा पाहता येईल का? सरांनी मूळ यादी काढली. टिका दोन पेनांच्या निघाल्या. मॉनिटर निळ्या पेनानं, पैसे हातात आल्यावरच टीक करायची. नुसतं नाव दिलं असेल तर ठिपका. गुरुवारी ती घरच्या लग्नाला गेली आणि यादी दुसऱ्या मुलाकडे आली. त्याला ठिपक्याचा अर्थ कुणी सांगितला नव्हता. “सोमवारी देतो” म्हणणाऱ्या तिघांच्या ठिपक्यावर त्यानं काळ्या पेनानं टीक मारली. त्याच्या लेखी टीक म्हणजे ‘येणार’. सरांनी तिघांना एकेकटं बोलावून विचारलं. तिघंही म्हणाले, अजून दिलेच नाहीत. चोरी झालीच नव्हती.

शाळेतल्या अशा ‘चोऱ्यां’मध्ये यादी दोन हातांत गेलेली असणं, खुणेचा अर्थ ठरलेला नसणं आणि पैसे रोजच्या रोज मोजलेले नसणं, हे तीन दोष आधी बघावेत. नाव, रक्कम, तारीख, देणाऱ्याची सही, असे चार रकाने आखले आणि त्याच दिवशी दुपारी पैसे ऑफिसात जमा केले, तर निम्मी भांडणं उगवतच नाहीत.

म्हणजे मुलांना तपास करू द्यायचा का? द्यायचा. वस्तूंचा, वेळेचा, कागदाचा, हिशोबाचा. कुणाच्या दप्तराला किंवा मोबाईलला हात लावायचा नाही, पाळत ठेवायची नाही, फोटो-व्हिडिओ काढायचे नाहीत, ग्रुपवर नाव टाकायचं नाही. संशयिताचं नाव तोंडून निघायची वेळ आली की तिथे पोरांचं काम संपतं आणि शिक्षकांचं सुरू होतं. दिवसाला वीस-पंचवीस मिनिटं, जेवणाच्या आधी. रात्री अकराचे नकाशे बंद. या मुलीनं वेळेवरून घासाघीस करून अर्धा तास मिळवला.

काही कोडी मात्र पोरांनी एक दिवसही स्वतःकडे ठेवायची नाहीत. कुणी अंगाला हात लावतंय, फोटोवरून धमकावतंय, गुटखा किंवा नशेचं काही आणतंय, कुणाच्या अंगावर वळ दिसताहेत, कुणी जीव द्यायची भाषा करतंय, तर त्याच दिवशी मोठ्या माणसाला सांगायचं. शिक्षकांना सांगण्यासारखं नसेल तर १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन चोवीस तास आहे, आणि मनाच्या त्रासासाठी टेली-मानसचा १४४१६. हे दोन नंबर वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतले.

पालकांनी खरी काळजी करावी ती मुलाला कोड्यापेक्षा ‘पकडण्यात’ मजा येऊ लागली तर. गणित चुकलं असं दाखवल्यावर जो सुटकेचा श्वास टाकतो, त्याची काळजी नको. “पण तो तसाच आहे” असं जो म्हणत राहतो, त्याच्याशी बोलायला हवं. चौघांपैकी एक मुलगा असा होता. त्याच्या घरी वेगळं बोलणं सुरू आहे.

राहिला तो बूटवाला मुलगा. शाळेचा कल होता “झालं गेलं, विसरा” असा. आरोप वर्गासमोर झाला, तर तो मागेही वर्गासमोरच घ्यावा लागतो, आणि तो मोठ्यांनी घ्यायचा असतो. सोमवारी पहिल्या तासाला सरांनी सांगितलं: पैसे चोरीला गेले नव्हते, यादीची चूक होती, चोरी हा शब्द आधी मी वापरला, ती माझी चूक. ग्रुपवर तोच मजकूर सरांच्या नावानं गेला. व्हिडिओ ज्याच्या ज्याच्याकडे होता त्याच्या पालकांना फोन करून काढायला लावला. चौघांनी माफी मागितली ती वर्गात नाही. आधी त्या मुलाला विचारलं, तुला ऐकायची आहे का, आणि कुठे? तो म्हणाला, घरी, पप्पांसमोर. चौघं आपापल्या पालकांसोबत गेली. “तू कबूल केलंस म्हणून आम्हाला वाटलं” हे वाक्य माफीत येऊ द्यायचं नाही, हे आधी दोनदा बजावावं लागलं. मुलांच्या माफीत ते हमखास घुसतं, आणि दोष पुन्हा त्याच्याच गळ्यात जातो.

बुटांचे पैसे कुठून आले ते कुणी विचारलं नाही. विचारायचं नव्हतंच.

मुलगा मंगळवारपासून शाळेत येतो. सहलीलाही गेला. पण मधल्या सुट्टीत अजून दप्तर वर्गात ठेवत नाही. खांद्याला अडकवूनच मैदानावर जातो, आणि कबड्डी खेळताना ते सरांच्या खुर्चीपाशी नेऊन ठेवतो.