वेब डेव्हलपमेंटच करायचं असेल तर टीईला (इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला) सिस्टिम्स प्रोग्रॅमिंग मनापासून करावं का?

तुमचं म्हणणं असं की नोकरी वेबमध्येच करायची आहे, मग पाचव्या सेमिस्टरला टू-पास असेंबलर (असेंब्ली कोड दोनदा वाचून त्याचा मशीन कोड करणारा प्रोग्रॅम) आणि मॅक्रो प्रोसेसर (कोडमधल्या छोट्या नावांच्या जागी पूर्ण ओळी भरणारा) कशाला लिहायचा? त्यात वापरतात त्या मूव्हर-मूव्हेमसारख्या सूचनांची असेंब्ली तर खऱ्या कुठल्याच प्रोसेसरवर चालत नाही. खरंय, चालत नाही. शिकवण्यापुरती रचलेली भाषा आहे ती.

मीही पुणे विद्यापीठाच्या एसपीओएसमधूनच (सिस्टिम्स प्रोग्रॅमिंग अँड ऑपरेटिंग सिस्टिम या विषयातूनच) गेलोय, आणि असेंबलर मी लिहिलाच नव्हता. सिनिअरचा जावा कोड पेनड्राइव्हवर आला, वरचं नाव बदललं, प्रिंट काढून जर्नलला लावला. ओरलला एक्स्टर्नल मॅडमनी जर्नलच्या मागच्या पानावर पेन्सिलीने एक ओळ लिहिली: बीसी एनी, नेक्स्ट. म्हणजे नेक्स्ट नाव दिलेल्या ओळीवर उडी मार. "नेक्स्ट हे लेबल अजून खाली यायचंय. पहिल्या पासमध्ये काय कराल?" मी म्हटलं, "एरर देईन." त्यांनी जर्नल मिटलं.

एरर द्यायचाच नसतो. सिम्बॉल टेबलात, म्हणजे लेबलं आणि त्यांच्या पत्त्यांच्या तक्त्यात, नेक्स्टची नोंद करून पत्त्याची जागा कोरी सोडायची. पुढे लेबल आलं की लोकेशन काउंटरचा (चालू ओळीचा पत्ता मोजत जाणारा) आकडा तिथे भरायचा आणि दुसऱ्या पासमध्ये मशीन कोड बनवताना तो वापरायचा. हाच फॉरवर्ड रेफरन्स. मुळात दोन पास लागतात ते मुख्यतः याच्यामुळे.

हे कळलं तेव्हा फर्स्ट इयरचं एक कोडं सुटलं. सीमध्ये वर्गमूळ काढायला एसक्यूआरटी वापरलं की लिनक्सवर जीसीसी 'अनडिफाइन्ड रेफरन्स' म्हणून अडतो, आणि शेजारचा सांगतो, कमांडच्या शेवटी डॅश-एलएम (गणिताची लायब्ररी जोडायचा पर्याय) लाव. आम्ही ते मंत्रासारखं लावायचो. गंमत म्हणजे कंसात थेट २.० लिहिलं तर न लावताही चालतं, कारण उत्तर कंपायलरच काढून ठेवतो. स्कॅनएफने घेतलेला एक्स दिला की अडतं. ती तक्रार कंपायलरची नसतेच, कंपाइल झालेले तुकडे आणि लायब्ररी जोडणाऱ्या लिंकरची असते. नाव टेबलात आहे, पत्ता शेवटपर्यंत कोरा राहिलाय.

ऑपरेटिंग सिस्टिमचा भाग तर मला नोकरीत थेट भेटला. आमच्या एका छोट्या सर्व्हरच्या लॉगमध्ये सुरुवातीच्या ओळी दोनदा यायच्या. टर्मिनलवर चालवला तर एकदाच! दोन दिवस गेले. शेवटी सापडलं ते असं: प्रिंटएफची ओळ लगेच बाहेर जात नाही, आधी बफरमध्ये पडते. टर्मिनल असेल तर ओळ संपली की बफर रिकामा होतो. फाइल असेल तर तो भरेपर्यंत किंवा प्रोग्रॅम संपेपर्यंत तसाच राहतो. मधे फोर्क झाला, म्हणजे चालू प्रोग्रॅमची दुसरी प्रत (त्याचं 'पोर') निघाली, की पोराला त्या बफरचीही कॉपी मिळते, आणि शेवटी बाप-लेक दोघंही तेच फाइलीत ओततात. फोर्कच्या आधी बफर रिकामा करणारा एक एफफ्लश टाकला, संपलं. तुम्ही पाच ओळींत करून बघा: प्रिंटएफ, फोर्क, रिटर्न. एकदा स्क्रीनवर, एकदा आउटपुट फाइलीत वळवून.

मॅक्रो प्रोसेसर मात्र परीक्षेपुरता केलात तरी चालेल, माझं प्रामाणिक मत. नेस्टेड मॅक्रोने पुढे मला कधी काही दिलं नाही. पास-वन तेवढा स्वतः लिहा. त्याआधी दहा ओळींचा प्रोग्रॅम कागदावर सोडवा आणि त्यात एक ओरिजिन (पुढचा पत्ता बदलणारी सूचना) मुद्दाम टाका. तिथे लोकेशन काउंटर उडी मारतो, आणि सिनिअरच्या कोडमध्ये नेमकी तिथेच चूक होती.