मातीची मशीद आणि दरवर्षीचा गिलावा

प्रश्न : मालीतल्या जेने शहरातल्या मोठ्या मशिदीच्या भिंतींतून लाकडाच्या जुड्या बाहेर आलेल्या दिसतात. ती नुसती सजावट आहे का? आणि दरवर्षी मातीचा गिलावा करण्यापेक्षा एकदाच सिमेंट का लावत नाहीत?

उत्तर : त्या जुड्या म्हणजे कायमची परांची. आफ्रिकी ताडाच्या लाकडाच्या या जुड्यांना 'तोरोन' म्हणतात. त्या भिंतीतच रोवलेल्या असतात आणि सुमारे ६० सेंमी बाहेर राहतात. पावसाने धुपलेला गिलावा पुन्हा द्यायची वेळ आली की गवंडी त्यांवर पाय ठेवून वर चढतात. ताडाला वाळवी सहजी लागत नाही, म्हणून लाकूड तेच. उन्हात त्यांच्या तिरप्या सावल्या भिंतीवर दिवसभर सरकत राहतात आणि सपाट भिंतीला लय येते. सोय आणि शोभा यांची फारकत इथे करताच येत नाही. आमच्या मते जेनेच्या सौंदर्यविचाराचं मूळ यातच आहे : पुढची डागडुजी कशी होणार, हे बांधतानाच भिंतीवर उघड मांडलेलं असतं.

सध्याची इमारत १९०७ची. गिलावा पावसाळ्याआधी, कोरड्या दिवसांत होतो. नदीकाठची माती, भाताचा कोंडा आणि पाणी खड्ड्यात कालवून बरेच दिवस कुजू देतात. कोंडा कुजला की चिखल चिकट होतो आणि वाळताना कमी तडकतो. इथे घाई केली तर पोपडे सुटलेच म्हणून समजा. तरुण चिखल वाहून आणतात, बायका आणि मुली पाणी भरतात, गवंडी हाताने लिंपतात. कडा धारदार न दिसता गोलसर दिसतात, त्या या हातांमुळे.

सिमेंटचं दुखणं असं, की मातीची भिंत ओल घेते आणि सोडते, तशी ती किंचित फुगते आणि आकसते. वरचा कडक थर तसं हलत नाही, तडकतो. भेगेतून शिरलेलं पाणी मागे अडकतं, पायथ्याची माती मऊ पडते आणि बाहेरून काहीच दिसत नाही. कळतं तेव्हा मातीसकट पापुद्रेच्या पापुद्रे सुटून येतात. मातीचा गिलावा मुळात झिजण्यासाठीच असतो. तो झिजतो म्हणून आतली भिंत टिकते.

अर्थात मातीचाही अतिरेक नको. वर्षानुवर्षं थरावर थर चढले की भिंतीवरचा भार वाढतो. म्हणूनच या मशिदीच्या मोठ्या दुरुस्तीच्या वेळी जुने थर खरवडून काढावे लागले. नोव्हेंबर २००९मध्ये २४ तासांत ७५ मिमी पाऊस झाला, तेव्हा दक्षिणेकडच्या मनोऱ्याचा वरचा भाग कोसळला.

प्रश्न : कॅमेरूनमधली मुसगुम लोकांची उंच मातीची घरं सेंटरिंगशिवाय कशी उभी राहतात?

उत्तर : आकारामुळे. दोन टोकांना धरलेली साखळी सैल सोडली की जो झोल येतो, तो उलटा केल्यावर जवळजवळ या घराची रेषा मिळते. त्या रेषेत वजन दाबाच्या रूपानेच खाली उतरतं. माती दाब सोसते, ताण सोसत नाही, म्हणून हे जमतं. गवत मिसळलेल्या मातीचा एकेक थर देतात, तो वाळला की पुढचा. भिंत तळाशी जाड, वर पातळ होत जाते. थर ओला असतानाच वरचा चढवला तर खालचा पोट काढतो. बाहेरचे उठावदार पट्टे चढायच्या पायऱ्या होतात आणि पावसाच्या पाण्याचा वेगही मोडतात. शेंड्याचं भोक धूर आणि उजेडासाठी; पावसात ते झाकतात.

प्रश्न : मग आफ्रिकी वास्तुकलेचं तत्त्वज्ञान एकच मानायचं का?

उत्तर : नाही. खंड फार मोठा आहे. ग्रेट झिम्बाब्वे या जुन्या दगडी शहरात ग्रॅनाइटचे चिरे चुन्या-मातीशिवाय रचले आहेत. मोठ्या आवाराची बाहेरची भिंत सुमारे २५० मीटर लांब, काही ठिकाणी ११ मीटर उंच. बाहेरून दोन नीटस तोंडं, मध्ये दगडांची भर. झाडांची मुळं या भरीत शिरली की भिंतीला फुगवटा येतो.

इथिओपियात लालिबेलाची ११ चर्च तर रचलेलीच नाहीत, खडकातून कोरून काढलेली आहेत. त्यांतल्या बेते गियोर्गिस या चर्चसाठी आधी चारी बाजूंनी खोल चर खणला, मधला ठोकळा सुटा केला, मग तो आतून पोखरला. जास्त कापलेला दगड परत जोडता येत नाही, म्हणून कोरण्याआधीच सगळा आराखडा पक्का हवा. खड्ड्यात उभ्या असलेल्या या इमारतींभोवती पाणी वाहून नेणारे चर खोदलेले आहेत. ते तुंबले की पाणी थेट पायथ्याशी साचतं.