पोरगं गुणी, पण ‘ॲटिट्यूड’चं काय?

प्रश्न : काका, नमस्कार. माझा मुलगा पंधरा वर्षांचा, आइस हॉकीत ट्रिपल-ए (वयोगटातली सर्वांत वरची पातळी) अंडर-१६ मध्ये सेंटर, म्हणजे मधला आक्रमक, खेळतो. येत्या वसंतात ओएचएलचा, म्हणजे ओंटारियोच्या ज्युनियर लीगचा ड्राफ्ट आहे; त्यात संघ फेरीफेरीने मुलं निवडतात. सुरुवातीला सगळे म्हणत होते, पहिल्या तीन फेऱ्यांत जाईल. आता एका संघाच्या स्काउटने (खेळाडू हेरणाऱ्याने) आमच्या ओळखीच्या पालकांना सांगितलं, ‘हात सोन्याचे आहेत, पण ॲटिट्यूड आहे.’ डिसेंबरमध्ये मॅच हरल्यावर त्याने दारावर आपटून काठी मोडली, हे खरं. चार वर्षांत तीन क्लब झाले, तेही खरं. पण आधीच्या दोन्ही ठिकाणी कोच त्याला पॉवर-प्लेवर (समोरचा खेळाडू शिक्षेवर बाहेर असताना) घेतच नव्हते. घरात मात्र तो आजीचे पाय चेपणारा मुलगा आहे. या एका शब्दापायी त्याचं सगळं जाणार का? शेवटी गुण मोठा की स्वभाव?
– एक आई, मिसिसागा, कॅनडा

उत्तर : ताई, काका म्हणालात, तर काकाच्या हक्काने आधी कडू बोलतो. काठीची काळजी सोडा, क्लबांची करा. हरल्यावर पोराने काठी मोडली तर माझ्यासारखा स्काउट वहीत ‘हरणं सोसत नाही’ असं लिहितो, आणि खरं सांगायचं तर थोडं कौतुकानेच लिहितो. चार वर्षांत तीन क्लब दिसले, की मात्र तो शेरा मुलाच्या नावावर पडत नाही, घराच्या नावावर पडतो. स्काउटच्या मनात येतं, आमच्या कोचने याला तिसऱ्या लाइनवर (कमी खेळायला मिळणाऱ्या तुकडीत) टाकलं, की दुसऱ्या दिवशी सकाळी वडिलांचा फोन. आजीचे पाय चेपतो हे वाचून बरं वाटलं, पण आजी त्याला बाकावर बसवत नाही ना!

मी मूळचा खडकीचा. आमच्या धनराज पिल्लेचा राग साऱ्या देशाने पाहिला. १९९८ मध्ये त्याच्या कप्तानीखाली बँकॉकला एशियाडचं सुवर्ण आलं आणि लगेच त्याच्यासह बऱ्याच ज्येष्ठांना ‘विश्रांती’ देण्यात आली. कशाची विश्रांती, ते खडकीत कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. तोच धनराज पुढे २००४ मध्ये अथेन्सला चौथं ऑलिंपिक खेळला. त्यामुळे तापट पोरांबद्दल माझं मन आधीपासूनच जरा मऊ आहे, हे लक्षात ठेवून पुढचं वाचा. बर्फावरची हॉकी मला इथे आल्यावर, मुलीला स्केटिंगला सोडता सोडता लागली. गेली चौदा वर्षं एका ज्युनियर संघासाठी अर्धवेळ स्काउटिंग करतो. पेट्रोलचे पैसे मिळतात आणि दर दोन वर्षांनी एक जॅकेट.

पाच-सहा वर्षांपूर्वी ओकव्हिलच्या बाजूच्या एका रिंकवर मी एका सेंटरच्या शिफ्ट (बर्फावरच्या पाळ्या) मोजत होतो. पंचेचाळीसेक सेकंद जीव तोडून खेळायचं आणि बाकावर परतायचं, अशी रीत. हा पठ्ठ्या तीनदा दीड मिनिटाच्या पुढे गेला. मी लिहिलं, ‘स्वतःपुरतं खेळतो. बदलायला येत नाही.’ आमच्या यादीत तो खाली घसरला आणि दुसऱ्याच संघाने त्याला उचललं. उन्हाळ्यात त्याचा जुना ट्रेनर पार्किंगमध्ये भेटला, तेव्हा कळलं, की त्या दिवशी त्यांचा दुसरा सेंटर खांदा धरून ड्रेसिंग रूममध्ये बसला होता आणि ‘मी हाक मारेपर्यंत थांब’ असं कोचनेच याला सांगितलं होतं. मुलगा सांगितलेलं ऐकत होता आणि मी तोच त्याचा माज म्हणून लिहून मोकळा झालो होतो.

तेव्हापासून वहीत ‘ॲटिट्यूड’ हा शब्द लिहायचा नाही, असा माझा नेम आहे. जे डोळ्यांनी पाहिलं तेवढंच लिहायचं. पक (खेळायची चकती) हातून गेल्यावर मागे पळाला, की हात वर करून रेफ्रीकडे बघत राहिला? शेजारच्याचा गोल झाला तेव्हा बाकावरून उठला का? तिसऱ्या पिरियडमध्ये दोन गोलांनी मागे असताना त्याचे पाय चालत होते का? यातलं उत्तर वाईट निघालं तर मला चिंता वाटते, कारण अशी सवय वरच्या पातळीवर वाढतच जाते. बाकी फटकळ तोंड, भडक लेसेस, मुलाखतीत ‘मीच सर्वांत चांगला’ म्हणणं, हे सगळं पंधराव्या वर्षी माफ.

आपल्या रंगाच्या मुलांबाबत हा शब्द जरा लवकर बाहेर पडतो, असं माझं मत आहे. सगळ्या स्काउटांना ते पटत नाही. टोरोंटोकडचा जोश हो-सँग आठवा. वडिलांकडून जमैका आणि चीन, आईकडून चिली. २०१४ च्या एनएचएल (उत्तर अमेरिकेतली सर्वांत मोठी लीग) ड्राफ्टआधी त्याच्या हातांबद्दल कुणालाच शंका नव्हती, तोंडाबद्दल सगळ्यांना होती. अखेर न्यूयॉर्क आयलंडर्स संघाने त्याला अठ्ठाविसावा घेतला. पुढच्या वर्षी सराव शिबिराच्या पहिल्याच दिवशी तो झोपून राहिला, उशिरा पोहोचला, आणि त्याला थेट ज्युनियर संघात परत धाडलं. एनएचएलमध्ये त्याच्या खात्यावर ५३ सामने आहेत. स्काउट बरोबर ठरले, असं म्हणता येतं. एकदा शिक्का बसल्यावर पहिल्या चुकीला दुसरी संधी महाग पडते, असंही म्हणता येतं. मी दोन्ही म्हणतो. दुसरीकडे पी. के. सुबान पाहा, तोही टोरोंटोचाच. २००७ मध्ये ४३ वा गेला. त्याचं गोलनंतरचं नाचणं-बागडणंसुद्धा काहींना खुपायचं. २०१३ मध्ये लीगमधला सर्वोत्तम बचावपटू म्हणून नॉरिस ट्रॉफी त्यालाच मिळाली.

एक गोष्ट मात्र या तराजूत घालायचीच नाही. २०२० मध्ये ॲरिझोनाने चौथ्या फेरीत एक मुलगा घेतला. त्याने शाळेत विशेष गरजा असलेल्या एका कृष्णवर्णीय मुलाचा छळ केला होता. त्यावर गदारोळ झाला आणि त्याच महिन्यात संघाला त्याच्यावरचा हक्क सोडावा लागला. तो ‘ॲटिट्यूड’ नव्हे, आणि तिथे हात कितीही सोन्याचे असले तरी माझी वही बंद. तुमच्या पत्रात असलं काही नाही.

आता करायचं काय? तो स्काउट नेमकं काय पाहून बोलला, ते तुमच्या कोचला विचारायला सांगा. तुम्ही विचारू नका, मुलाच्या वडिलांनी तर मुळीच नाही. संघवाले घरी किंवा झूमवर बोलायला आले, की काठीचा विषय मुलाला स्वतःहून काढू दे. तो बोलत असताना तुम्ही दोघांनी चहा करायला आत जावं आणि चहाला जरा वेळ लावावा. या हंगामात चौथा क्लब नको, कोच कितीही मूर्ख वाटला तरी. आणि तिसऱ्याऐवजी आठव्या फेरीत गेला तरी जग बुडत नाही. २०२५-२६ पासून ओएचएल खेळलेल्या मुलांना अमेरिकन कॉलेज हॉकीची दारंही उघडली आहेत. व्हँकुव्हरजवळच्या सरीचा अर्शदीप बैन्स तर एनएचएल ड्राफ्टमध्ये कुणीच घेतला नव्हता. २०२१-२२ मध्ये वेस्टर्न लीगमध्ये (ओएचएलसारखीच पश्चिमेकडची ज्युनियर लीग) ११२ गुणांसह (गोल आणि गोलला केलेली मदत मिळून) तो पहिला आला आणि त्याच हंगामात एनएचएलच्या व्हँकुव्हरने करार पुढे केला.

प्रश्न : काका, मी कोल्हापुरातून पहाटे उठून एनएचएल बघतो. ड्राफ्टआधी बफेलोला मुलांची तपासणी होते, तिथल्या मुलाखतींना आणि व्यायामाच्या चाचण्यांना खरंच किती किंमत असते?
– एक विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर : मुलाखतीला थोडी. तिथे येणारी पोरं एजंटकडून घोकून आलेली असतात. मी आमच्या छोट्या पातळीवर एवढंच विचारतो, ‘तुझ्या संघात तुझ्यापेक्षा चांगला कोण?’ आणि गप्प बसतो. कुणी नाव घेतो आणि थांबतो, कुणी त्या मित्राचं वर्णन करता करता स्वतःचा विषयच विसरतो. दुसरा मला आवडतो.

चाचण्यांना त्याहून कमी. २०१४ मध्ये, ही तपासणी टोरोंटोकडे व्हायची तेव्हा, सॅम बेनेटला एकही पुल-अप जमला नाही. वर्तमानपत्रांना आठवडाभर तेच पुरलं. कॅलगरीने तरी त्याला चौथा घेतला. तिथे तो काही फार चमकला नाही, २०२१ मध्ये फ्लोरिडाला गेला, आणि २०२५ च्या प्लेऑफमध्ये १५ गोल करून कॉन स्माइथ ट्रॉफी, म्हणजे प्लेऑफमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान, घेऊन आला. पहाटे उठत होतास म्हणजे बघितलं असशीलच.