घातक कचऱ्याचे केंद्र : ग्रामसभेचा ठराव पुरेसा आहे का?

प्रश्न : आमच्या गावालगतच्या माळरानावर कारखान्यांच्या घातक कचऱ्याच्या विल्हेवाटीचे केंद्र होणार, अशी चर्चा आहे. ग्रामसभेने एकमताने विरोधाचा ठराव केला, तेव्हा ‘रोजगार हवा, कचरा नको’ असा टोमणा ऐकावा लागला. आमचा विरोध स्वार्थी आहे का आणि ठरावाने प्रकल्प थांबेल का?
— एक शेतकरी, सिन्नर तालुका

उत्तर : विहिरीच्या पाण्याची काळजी करणे हा स्वार्थ नव्हे. मात्र केंद्र झाले नाही म्हणून नाशिकजवळच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींतल्या प्लेटिंग (धातूवर मुलामा चढवणाऱ्या) कारखान्यांतला गाळ नाहीसा होत नाही. तो दूरच्या अधिकृत केंद्राकडे जातो किंवा, बोलायला कडू आहे, कधी रात्रीतून एखाद्या नाल्यात उतरतो.

केवळ ठरावावर विसंबू नका. २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार अशा केंद्राला पूर्वमंजुरी आणि सर्वसाधारणपणे त्याआधी जनसुनावणी लागते. तिच्यासाठी लोकांना किमान ३० दिवसांची सूचना द्यावी लागते आणि प्रकल्पाच्या पर्यावरणीय आघात अहवालाचा सारांश मराठीतही उपलब्ध करावा लागतो. मंजूर औद्योगिक वसाहतीतील प्रकल्पाला मात्र सुनावणीतून सूट मिळू शकते, म्हणून जागा वसाहतीच्या हद्दीत आहे की बाहेर, हे आधी पाहा.

सुनावणीत घोषणा एका ओळीत आटोपतात, पण मांडलेल्या नेमक्या आक्षेपांची दखल प्रकल्पचालकाला अंतिम अहवालात घ्यावी लागते. आपल्याकडचा काळा पाषाण अभेद्य वाटला तरी पाणी त्याच्या भेगांतून आणि सांध्यांतून वाहते, त्यामुळे गळती झालीच तर ती कोणत्या विहिरीत उतरेल, हे नुसत्या अंदाजाने सांगता येत नाही. म्हणून भूजलाचा अभ्यास कोणत्या ऋतूत केला, कचरा पुरण्याच्या खड्ड्याचे अस्तर फाटल्यास ते कसे कळणार आणि केंद्र बंद झाल्यावर पुढची तीस वर्षे देखरेखीचा खर्च कोण करणार, हे लेखी विचारा. विहिरींचे पाणी आजच तपासून घ्या. पुढे तुलनेला दुसरा पुरावा नसतो.

भोपाळच्या बंद कारखान्यातला ३३७ टन कचरा जानेवारी २०२५ मध्ये जाळण्यासाठी मध्य प्रदेशातल्याच पीथमपूरला नेला, तेव्हा तिथले लोक रस्त्यावर उतरले. पुढे उच्च न्यायालयाच्या देखरेखीखाली आधी दहा-दहा टनांच्या तीन चाचण्या झाल्या आणि मगच उरलेला कचरा जाळला गेला. विरोधाने प्रकल्प टळला नाही, पण घाई टळली, आणि माझ्या मते ही कमी मिळकत नव्हे.

सुनावणीच्या शेवटी कामकाजाचा सारांश तिथेच मराठीत वाचून दाखवावा लागतो. तुमचा आक्षेप त्यात आला नसेल तर त्याच वेळी हरकत घ्या. मंजुरी मिळालीच तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे खंडपीठाकडे ३० दिवसांत अपील करता येते.