संगणक-शंका : कोबोलमधली पुढची शून्यं

प्रश्न : मी मूळची मिरजेची. पुण्यात मेनफ्रेमवर, म्हणजे मोठ्या संगणकावर, कोबोल या प्रोग्रॅमिंग भाषेचं काम नुकतंच सुरू केलंय. बँकेला जाणाऱ्या फाईलमध्ये ग्राहक क्रमांक सहा अक्षरी हवा, म्हणजे ४२५ चा ०००४२५. पिक झेड(५)९ अशा साच्याच्या फील्डमधून पाठवला तर पुढे मोकळ्या जागा येतात. पिक एस९(६) चं फील्ड तसंच रेकॉर्डमध्ये ठेवलं तर ०००४२ आणि शेवटी इंग्रजी ई दिसतो. शून्यं भरायला लूप लिहू का?

उत्तर : लूप नको. कोबोल घडली तीच धंद्याच्या हिशेबासाठी, १९५९ पासून, आणि हे काम तिचा पिक्चर क्लॉज, म्हणजे फील्डचा साचा सांगणारा पिक, स्वतःच करतो. पिक ९(६) असं बिनचिन्हाचं डिस्प्ले (एका बाइटमध्ये एक अंक) फील्ड घ्या, क्रमांक त्यात मूव्ह करा. घरं सहा, अंक तीन, म्हणून पुढची तीन घरं शून्यांनी भरतात. तिथून पिक एक्स(६) या मजकुराच्या फील्डमध्ये मूव्ह केलं की झालं. झेड नेमकं उलटं करतो, पुढची शून्यं पुसतो. छापील बिलावर ते शोभतं, फाईलमध्ये नाही.

मधलं फील्ड मात्र गाळू नका. पिक ९(४) थेट पिक एक्स(६) ला दिलं तर मजकूर डावीकडून भरतो : ०४२५ आणि मागे दोन मोकळ्या जागा.

आता तो ई. एस लावला की अधिक-उणेचं चिन्ह वेगळ्या जागी न बसता शेवटच्या अंकाच्याच बाइटमध्ये बसतं. एबसिडिकमध्ये, म्हणजे मेनफ्रेमच्या अक्षरसंकेतात, अधिक पाचचा बाइट आणि ई चा बाइट एकच, उणे पाचचा एन होतो. म्हणजे आकडा बिघडलेला नाही, तुम्ही तो मजकूर म्हणून वाचताय. ग्राहक क्रमांक उणे कधीच नसतो, मग एस हवा कशाला?

समोरून क्रमांक मजकूर म्हणूनच आला आणि अंकांच्या पुढे मोकळ्या जागा असतील, तर इन्स्पेक्ट रिप्लेसिंग लीडिंग स्पेस बाय झीरो पुरेसं आहे. जागा मागच्या बाजूला असतील तर ते चालत नाही. तेव्हा फंक्शन न्यूमव्हॅलने आकडा काढा आणि पिक ९(६) मध्ये टाका.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण मला सगळ्यात महत्त्वाची तीच वाटते. क्रमांक सात अंकी झाला तर? ११२३४५६ हा पिक ९(६) मध्ये मूव्ह केला की डावीकडचा १ गळतो, उरतो १२३४५६. प्रोग्रॅम थांबत नाही, निरोपही येत नाही. हिशेब करणाऱ्या कॉम्प्युट आज्ञेला ऑन साइझ एरर (आकडा मावला नाही तर काय करायचं ते) लावता येतो, मूव्हला तो नाहीच. म्हणून मूव्ह करण्याआधी ९९९९९९ पेक्षा मोठा आहे का, ते इफने तपासा, आणि मोठा असेल तर ती नोंद बाजूला काढा.

माझी नोकरी वाळवा तालुक्यातल्या एका साखर कारखान्याच्या संगणक विभागात झाली. एका गावात एकाच नावाचे, एकाच आडनावाचे तीन-तीन सभासद. त्यांना वेगळं ओळखायला सभासद क्रमांकाशिवाय दुसरं काही नव्हतं. एक अंक गळला तर एकाच्या घामाचं ऊसबिल दुसऱ्याच्या खात्यावर जमा होऊ शकतं. शून्यं नसली तर मजकूर म्हणून लावलेल्या यादीत १०२४ हा ४२५ च्या आधी येतो आणि याद्या जुळत नाहीत. ज्या क्रमांकाची कधी बेरीज होणार नाही, तो पहिल्यापासून पिक एक्समध्येच ठेवावा, असं माझं ठाम मत आहे. तुमच्या फाईलची रचना अजून बदलता येत असेल तर साहेबांकडे हा आग्रह जरूर धरा.

प्रश्न : कराडच्या एका पतसंस्थेत लेखनिक आहे. एक्सेलमध्ये फोन नंबर टाकला की ०२३३ चं २३३ होतं. खातेक्रमांकांचंही तेच.

उत्तर : नंबर टाकण्याआधी तो स्तंभ निवडून फॉरमॅट टेक्स्ट करा. ०००००० असा कस्टम फॉरमॅट दिला तर शून्यं नुसती दिसतात, आत आकडा तोच राहतो. आणि खातेक्रमांक १५ अंकांपेक्षा लांब असेल तर जास्त जपा : आकडा म्हणून टाकलात तर एक्सेल १५ अंकांपुढचे अंक शून्य करून टाकतो, आणि नंतर फॉरमॅट बदलून ते परत येत नाहीत. अशी खाती आधीच भरली असतील तर मूळ पासबुकावरून पुन्हा टाका.