आधी हरलेले डाव वाच

प्रिय मित्रा,

तुझं पत्र आणि लेखाचा कच्चा खर्डा मिळाला. एसीसी (आशियाई क्रिकेट परिषद) ट्रॉफीचा, म्हणजे आशियातल्या छोट्या संघांच्या एकदिवसीय स्पर्धेचा इतिहास लिहायला घेतलास, याचा मनापासून आनंद झाला. पण खर्डा वाचून थोडा खट्टूही झालो. तू विजेते मांडलेस: १९९६ आणि १९९८ बांगलादेश, मग २००० ते २००६ सलग चार वेळा संयुक्त अरब अमिराती, २००८ हाँगकाँग, २०१० अफगाणिस्तान, आणि २०१२ ला अंतिम सामना टाय झाल्यामुळे नेपाळ आणि अमिराती संयुक्त विजेते. यात एकही चूक नाही. तरी हे संघ कुठून निघाले आणि कुठे पोचले, ते त्यातून कळत नाही.

मी आयुष्यभर मैदानाच्या कडेला स्कोअररच्या टेबलावर बसलो. जिंकलेल्या संघाची लोकं स्कोअरबुक बघायला फारशी येत नाहीत. हरलेल्या संघातला एखादा पोरगा मात्र येतो आणि विचारतो, 'काका, माझे चेंडू किती झाले?' तू त्या पोराच्या बाजूने लिही, असं मला वाटतं.

सुरुवात ऑगस्ट २००६, क्वालालंपूर इथून कर. नवख्या म्यानमारची गाठ नेपाळशी होती. म्यानमारचा डाव १२.१ षटकांत १० धावांवर संपला. एकाही फलंदाजाला एकापेक्षा जास्त धाव करता आली नाही, निम्म्या धावा अवांतर होत्या. महबूब आलमने ३ धावांत ७ गडी घेतले आणि नेपाळने दोन चेंडूंत सामना संपवला. हे आकडे विनोद म्हणून वापरू नकोस, एवढी माझी विनंती आहे. जे अकराजण तिथे उतरले, ते आपल्या देशाकडून खेळायला आले होते. शिवाय या सामन्यांना अधिकृत वन-डेचा दर्जा नव्हता, त्यामुळे १० हा वन-डेचा नीचांक म्हणून लिहिलास तर चूक ठरेल. वन-डेतली सर्वांत कमी धावसंख्या ३५ आहे. २००४ मध्ये श्रीलंकेविरुद्ध झिम्बाब्वेची, आणि २०२० मध्ये नेपाळमधल्या कीर्तिपूरला अमेरिकेची. अमेरिकेला त्या दिवशी गुंडाळणारा संघ पुन्हा नेपाळच होता!

त्या वर्षी स्पर्धेत १७ संघ होते. अशी दरी असलेल्यांना एकाच स्पर्धेत खेळवून कुणाचंच भलं होत नव्हतं. पुढे एलिट आणि चॅलेंज असे दोन गट झाले, आणि खालच्या संघांना तुल्यबळ प्रतिस्पर्धी मिळू लागले. नियमांमधला हा बदल तू एका ओळीत उरकला आहेस. त्याला एक परिच्छेद दे.

आता हाँगकाँग बघ. २००० च्या अंतिम सामन्यात ते अमिरातीकडून हरले, २००६ लाही त्यांच्याचकडून. तुझ्या यादीत त्या दोन्ही वर्षी हाँगकाँगचं नावच नाही. पण २००४ आणि २००८ च्या आशिया चषकात मोठ्या संघांच्या सोबतीला अमिराती आणि हाँगकाँग हेच दोघं होते. या स्पर्धेत करंडकापेक्षा मोठं बक्षीस म्हणजे वरच्या पायरीवर मिळणारी जागा, आणि ती उपविजेत्यालाही मिळून गेली. २००८ ला कराचीत भारताने हाँगकाँगविरुद्ध ४ बाद ३७४ केल्या, धोनी आणि रैना दोघांची शतकं झाली, आणि हाँगकाँग २५६ धावांनी हरलं. दहा वर्षांनी, २०१८ ला, पात्रता फेरीत अमिरातीलाच हरवून ते पुन्हा आले. दुबईत भारताने ७ बाद २८५ केल्या. निझाकत खान आणि अंशुमन रथ यांनी १७४ ची सलामी दिली. शेवटी हार २६ धावांची. दोन्ही पराभवच, पण २५६ वरून २६ वर येण्यात दहा वर्षं गेली. ही दहा वर्षं तुझ्या लेखात यायला हवीत.

अफगाणिस्तानचंही तसंच. तू त्यांना थेट २०१० च्या विजेतेपदावर आणून उभं केलंस. ते २००४ ला पहिल्यांदा आले तेव्हा सहावे होते, २००६ ला तिसरे. कसोटी दर्जा मिळाला २०१७ ला, तेव्हा त्यांचे प्रशिक्षक आपल्या मुंबईचे लालचंद राजपूत होते. आणि अमिरातीबद्दल लिहिताना नोकरीचा उल्लेख टाळू नकोस. त्यांचा कर्णधार खुर्रम खान विमानकंपनीत नोकरी करून खेळायचा. वसईचा स्वप्नील पाटील या संघाचा यष्टिरक्षक होता. २०१४ ला विश्वचषक पात्रता स्पर्धेच्या अंतिम सामन्यात स्कॉटलंडविरुद्ध तो ९९ वर नाबाद राहिला. एका धावेसाठी शतक हुकलं आणि सामनाही गेला. मला ती खेळी अनेक शतकांपेक्षा जवळची वाटते.

शेवटाकडे २०२३ घे. स्पर्धेचं नाव तोवर प्रीमियर कप झालं होतं, मैदान कीर्तिपूरचं. पावसामुळे अंतिम सामना राखीव दिवशी गेला. अमिराती ११७ वर बाद झाली, नेपाळचे पहिले गडी झटपट पडले, तेव्हा सतरा वर्षांच्या गुलशन झाने नाबाद ६७ करून संघाला पार नेलं. नेपाळ पहिल्यांदाच आशिया चषकात पोचलं. मुलतानला पाकिस्तानने २३८ धावांनी हरवलं, पण पाचच दिवसांनी श्रीलंकेतल्या पल्लेकेलेत भारतासमोर नेपाळने २३० केल्या. आसिफ शेखच्या ५८, सोमपाल कामीच्या ४८.

एक काम कर. प्रत्येक संघासाठी वहीचं एक पान घे, त्यावर फक्त पराभव लिही, तारीख आणि फरकासकट. म्यानमारचं पान आधी भर. मग पुढचा खर्डा पाठव. मी जुना चष्मा बदलून घेतलाय, आता बारीक अक्षरही वाचता येतं.

तुझा,
काका